दोन सुळके

वर्कशॉपच्या फिटरमामांना पहिली नात झाली, त्या वर्षीच्या एप्रिलातली गोष्ट. वेधशाळेची नवी दुर्बीण बलूनला बांधून वर सोडायची होती. फुटलेल्या ताऱ्यांतलं लोखंड झिजत झिजत कोबाल्ट होतं आणि त्या कोबाल्टचे किरण पडद्यावर दोन सुळके काढतात. ते सुळके शोधायला सगळा खटाटोप.

सुळके जमिनीवरच्या चाचणीतच दिसले.

"बाई, घरबसल्या आकाशगंगा आली!" इंजिनीअर म्हणाला.

"तिचे किरण इथवर पोचत नाहीत. हवा गिळते." प्रमुख बाईंनी पडद्यावर मागच्या आठवड्याची नोंद काढली. सुळके सकाळी नऊला उगवत होते. जेवणाच्या सुट्टीत मावळत होते. पाचनंतर नाहीत. रविवारी नाहीत.

"तुमची आकाशगंगा हजेरीपटावर सही करते," बाई म्हणाल्या. इंजिनीअर हसला. बाई हसल्या नाहीत.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमधून फिटरमामा पाना घेऊन आले. जरा लंगडत होते. ते दारात आले आणि सुळके वाढत वाढत पडद्याच्या वरच्या कडेबाहेर गेले.

"मामा, तिथेच थांबा. खिशात काय आहे?"

मामांनी करंगळीएवढी चकचकीत नळी काढली. "हे होय! भंगारात सापडलं. हातात घेऊन बघा, काय जड आहे. ओळंब्याला झकास."

"खाली ठेवा. लांब सरका. पायाला काय झालंय?"

"मांडी भाजलीय. लेथवरचा तापलेला कीस उडाला असणार. पण पॅन्टला भोक नाही, त्याचंच नवल वाटतं."

इंजिनीअर मागे सरकत भिंतीला टेकला होता. किरणांनी कॅन्सर जाळायच्या कोबाल्टच्या अशा नळ्या मोठ्या इस्पितळांत शिशाच्या जाड भिंतीआड ठेवतात, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

"एकच सापडली ना, मामा?"

"छे, जोडी होती." मामांचा चेहरा खुलला. "दुसरी नातीच्या पाळण्यावर टांगलीय. आत्ताच जेवायला गेलो तेव्हा झुलवून आलो. चमकते ना, पोरगी नुसती टक लावून बघते."

बाईंनी फोन उचलला. "घरचा नंबर सांगा."

मामांनी सांगितला. मग पहिल्यांदाच त्यांनी खाली ठेवलेल्या नळीकडे आणि आपल्या मांडीकडे पाहिलं.

नात तीन मे रोजी गेली. फिटरमामा अकरा मे रोजी.