नुसती जागा दाखवणारं

"चोरानं गाडी नेली, की मोबाइलवर हे बटण दाबायचं, मावशी. इंजिन जागच्या जागी बंद!" गाडीत बसवायची काडेपेटीएवढी डबी काउंटरवर ठेवत दुकानदार म्हणाला.

"नको. बंद पडली तर तो गाडी तिथंच टाकून चालता होईल."

"होऊ दे की! तुमची गाडी तर वाचेल."

तिनं ओक्याबोक्या मनगटावरून हात फिरवला. सोन्याच्या बांगड्या गेल्या तेव्हा तिनं शेजारणींना "हरवल्या" म्हणून सांगितलं होतं. परवा टीव्ही गेला, तेव्हा काही सांगायचीही सोय उरली नव्हती. आता घरात विकण्याजोगी तेवढी गाडीच राहिली होती.

"मला नुसती जागा दाखवणारं द्या," ती म्हणाली. "माझा पोरगा ती विकून टाकेपर्यंत तरी, नशेत कुठं पडलाय ते मला कळत राहील."