तिसऱ्या कादंबरीवरचा अभिप्राय

भाच्याने कागद काउंटरवर ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं आणि हसला.

"ओळखीच्या दोन माणसांनी लिहून द्यायचं असतं, मॅडम. मावशीला आता काही आठवत नाही, तिचं सगळं मलाच बघावं लागतं, एवढंच. एक सही शेजाऱ्यांनी दिलीय. तुम्ही तर तिला रोजच बघायचात."

"रोज नाही. सोमवारी आणि गुरुवारी," ग्रंथपाल म्हणाली.

बाई त्याच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. ग्रंथपालही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. गेले दोन महिने त्या वाचनालयाकडे फिरकल्या नव्हत्या. कपडे अंगावर ढगळ झाले होते. शेवटच्या खेपेला नेलेल्या तीन कादंबऱ्या त्यांनी छातीशी धरल्या होत्या आणि भाच्याचा हात त्यांच्या दंडावर होता.

"दे ती पुस्तकं, मावशी. सभासदत्वही आजच बंद करून टाकू."

"अभिप्राय दिल्याशिवाय पुस्तक परत घेत नाही आम्ही," ग्रंथपाल म्हणाली.

हा नियम वाचनालयाचा नव्हता, बाईंचा होता. ऐकणाऱ्याला वेळ असो वा नसो, वीस वर्षं त्यांनी तो पाळला होता.

बाईंनी मान वर केली. पहिलं पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"रहस्यकथा. नऊ माणसं बंगल्यात जमवलीत, त्यातली सहा नुसती चहा प्यायला आणलीत. इन्स्पेक्टर मात्र इतका हुशार, की खून व्हायच्या आधीच त्याला कळायला हवा होता."

ग्रंथपालला हसू आलं. भाचाही हसला.

"दुसरी भयकथा. भूत दिसत नाही तोवर उत्तम. दिसलं की त्याची दयाच येते. आणि त्यातली बाई पानोपानी किंचाळते." बाई थांबल्या. "लेखकाला माहीत नाही. खरंच घाबरलेलं माणूस किंचाळत नाही. ते हळू बोलायला लागतं."

त्या स्वतः इतकं हळू बोलत होत्या, की ग्रंथपालला पुढे वाकावं लागलं.

"चल मावशी, दमशील," भाचा म्हणाला.

"तिसरी राहिली." बाईंनी ते पुस्तक ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही. "ही घरगुती. चांगली आहे. पण म्हातारीला गोळ्या द्यायला लागतात, तो भाग फार उशिरा येतो. जेवण झालं की एक गोळी. रक्तदाबाची म्हणून. ती घेतली की दिवस कुठे गेला ते तिला कळत नाही. मग एके दिवशी ती गोळी जिभेखाली धरते आणि झोपेचं सोंग घेते. तेव्हा कुठे तिला घरातलं बोलणं ऐकू येतं."

ग्रंथपालने ती कादंबरी वाचली होती. तीत तीन बहिणी होत्या, एक बंद पडलेलं दुकान होतं आणि एक मोडलेलं लग्न. म्हातारी नव्हती. बहिणींची आई पहिल्याच पानावर वारली होती.

"मावशी," भाचा अगदी मायेने म्हणाला, "मी वाचलीय ती. असं काही नाहीये तिच्यात." मग ग्रंथपालकडे वळून त्याने आवाज उतरवला. "हे असं चालतं, बघा. दिवसभर. करा सही."

"कार्ड बघ गं जागेवर आहे का," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात काढून घेतला.

ग्रंथपालने मागचं पान उघडलं. कार्डाच्या खिशात बोटं घातली. कार्ड होतं. त्याच्यामागे, कागदाच्या कपट्यात गुंडाळलेलं, आणखी काही होतं. लहान, गोल, कडक. तिने चाचपून मोजल्या. चार.

तिने पुस्तक मिटलं.

"मीही वाचलीय," ती भाच्याला म्हणाली. "बाई म्हणतात तसंच आहे तिच्यात. अगदी शब्दन् शब्द."

भाच्याचं हसू तसंच राहिलं. फक्त डोळे त्यातून निघून गेले.

तिने कागद पेनासकट त्याच्याकडे सरकवला. "सही नाही करता यायची मला. बाईंना तर माझ्यापेक्षा जास्त आठवतंय. या बाई, आत या. नवीन पुस्तकं आलीत, अजून नंबर घालायचेत. तुम्हीच निवडा."

काउंटरची फळी उचलून तिने बाईंचा दुसरा दंड धरला. क्षणभर दोघांचेही हात त्या दोन दंडांवर होते. मग भाच्याने सोडला.

काचेच्या केबिनमध्ये बाई खुर्चीत बसल्या. ग्रंथपालने काचेकडे पाठ करून पोलिसांना फोन लावला. नाव, पत्ता, गोळ्या, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "पाठवतो कुणाला तरी. तासभर धरून चाला. तोवर त्यांना जाऊ देऊ नका."

ती वळली तेव्हा भाचा केबिनच्या दारात होता.

"वाचनालय किती वाजता बंद होतं, मॅडम?"

"सहाला."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते. वाचनकक्षात उरलेल्या एकुलत्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि ते निघून गेले. त्यांची पावलं जिना उतरून जाईपर्यंत भाचा ऐकत राहिला. मग त्याने त्यांची खुर्ची उचलली, बाहेरच्या दाराशी नेली, दार लोटून घेतलं आणि त्याला खुर्ची टेकवून बसला.

"सावकाश निवड हं, मावशी," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."