शलाकाचं पोर्ट

"शलाकाच्या कॉम्प्युटरवरून जे काही जातं-येतं, त्याची नक्कल मला माझ्या केबिनमध्ये दिसली पाहिजे," सर म्हणाले. "तिला कळू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात माणसं कमी करायची आहेत, माहीत आहे ना?"

मी मान हलवली आणि सर्व्हर रूममध्ये जाऊन स्विचमध्ये लॉगिन केलं. ऑफिसातल्या प्रत्येक टेबलाची नेटवर्क वायर या यंत्राच्या एकेका नंबरच्या पोर्टमध्ये येते. काम सोपं असतं. कोणाच्या टेबलाचं पोर्ट ऐकायचं आणि नक्कल कुठे पाठवायची, एवढं स्विचला सांगायचं. याला आम्ही मिररिंग म्हणतो. ज्याचं ऐकलं जातं, त्याला पत्ताही लागत नाही.

पण एक मिररिंग आधीच चालू होतं. नक्कल सरांच्या केबिनमध्ये जात होती आणि ऐकलं जाणारं पोर्ट माझ्या टेबलाचं होतं.

स्विचचा पासवर्ड ऑफिसात दोघांकडेच आहे. माझ्याकडे आणि शलाकाकडे.

आता राग येईल म्हणून मी जरा थांबलो. आला नाही.

शलाका खांद्यानं दार ढकलून आत आली. हातात रोजच्यासारखे दोन चहा, त्यातला माझा बिनसाखरेचा. तिनं स्क्रीन पाहिली.

"तुलाही सांगितलं?"

"आत्ताच. तुला?"

"गणपतीच्या सुट्टीआधी."

ती शेजारच्या खोक्यावर बसली. मी तिचं पोर्ट टाइप केलं : चौदा.

"चौदा नाही," ती म्हणाली. "माझं टेबल बदललंय. एकवीस टाक."

मी एकवीस टाकलं, एंटर मारलं आणि चहा उचलला.