निर्विवाद नमुना

“पूल इंग्रजांचा निघाला तर वारसा, नाहीतर विनापरवाना बांधकाम. मग सोमवारी पाडू,” असे सांगून पुण्याहून आलेले तज्ज्ञ कालव्यात उतरले. पाण्याची पाळी संपली होती; कालवा कोरडा होता.

काठावर वाडीचे जुने गवंडी जलालचाचा उभे होते. त्यांनी तोंड उघडले, तोच शेजारच्या रतनबाईंनी त्यांची बाही ओढली.

“पन्नास वर्सं ‘म्याच बांधला, म्याच बांधला’ म्हणून आमचे कान किटवलेत. आज एक डाव गप बसा की, जलालभाऊ. समद्यांची शेतं पल्याड हायती. पूल गेला तर पार वरल्या पुलावरनं वळसा.”

“मंग काय खोटं बोलू?”

“बोलू नगा. निस्तं उभं ऱ्हावा. तुमास्नी त्ये बी जमत न्हाई, ठाव हाय मला.”

चाचांची फुशारकी शब्दशः खरी होती. इंग्रजी अमदानीतला मूळ पूल पुरात वाहून गेला. पुढची सात वर्षे सरकारने केवळ पत्रव्यवहार उभारला. अखेर बावीस वर्षांच्या जलालने वाहून गेलेले दगड गोळा केले, सिमेंटचा परवाना मिळेना म्हणून चुन्यात जोडले, आणि सारी वाडी त्याच्या हाताखाली राबली. कालव्याच्या इतिहासावर तीन जाडजूड ग्रंथ आहेत. त्यांत पाहणीला आलेल्या साहेबाच्या घोडीचे नाव सापडते. दगड घडवणाऱ्या एकाही माणसाचे सापडत नाही. तज्ज्ञांनी तिन्ही ग्रंथ वाचले होते. त्यामुळे कमान दिसताच त्यांची खात्री पटली.

“काय रेखीव काम आहे,” ते वर येत म्हणाले. “तुम्ही इथले गवंडी ना? खरं सांगा, हे तुमच्या लोकांना जमलं असतं?”

रतनबाईंनी डोळे मिटून घेतले. चाचा कमानीकडे पाहत राहिले. तिच्यातला कोणता दगड कुठल्या ओढ्यातून उचलून आणला, हे त्यांना अजूनही सांगता आले असते.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “त्याला गोराच लागतो.”

रतनबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे मात्र हलत राहिले. तज्ज्ञांनी प्रसन्न मुद्रेने टिपण केले आणि कॅमेरा काढला.

“मापासाठी जरा कमानीखाली उभे राहता?”

चाचांनी टोपी नीट केली, सदऱ्याची बटणे गळ्यापर्यंत लावली आणि ते खाली उतरले.

पूल शाबूत आहे. अहवालात ते छायाचित्र छापले असून, त्याखाली कालव्याच्या इतिहासातली वाडीतल्या माणसाची पहिली नोंद आहे: ‘इंग्रज कारागिरीचा निर्विवाद नमुना. कमानीखालील इसम केवळ मापासाठी.’