माझी माणसं

निरोप आला तेव्हा ती स्टुलावर चढून पडदे लावत होती.

'संध्याकाळी येतोय. झालं तेवढं पुरे. माझ्या माणसांना घरी न्यायला येतोय.'

तिने फोन खाली आजीपुढे धरला. आजीने चष्मा नाकावर ओढून निरोप वाचला आणि दुसऱ्या पडद्याची दुमड पुन्हा शिवायला घेतली.

"माझ्या माणसांना!" आजी म्हणाली. "जसं काही स्टेशनवर सामान विसरलाय."

ती खुदकन हसली. स्टूल डगमगलं, तशी टेबलाखाली बसलेली तिची लेक चिमणीही हसली, कशाला ते न कळताच. चिमणीला बोलता यायला लागल्यापासून घरात सगळे आजीला आजीच म्हणत.

सायकलच्या दुकानावरच्या या दोन खोल्या भाड्याच्या होत्या. मोरीचा नळ गळायचा, खिडकी नीट लागायची नाही. पण इथे चहा गरम असताना पिता यायचा. दिवा का लावला, कुणाशी बोललीस, हसलीस कशाला, हे कुणी विचारत नव्हतं. आणि पडदे पिवळे होते, कारण दोघींना पिवळेच हवे होते.

पूर्वी तिला वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. बाळंतपण तिचं झालं आणि थकला तो. भेटायला आलेले सगळे त्याचीच विचारपूस करून गेले. चष्म्याच्या दुकानात तिला नोकरी लागली, त्याच दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं. त्याच्याच बोलण्याची त्याला आठवण करून दिली की, "मी असं म्हणालोच नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत." चारचौघांत मात्र असा लाघवी, की शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस गं!"

हे सगळं तिला पहिल्यांदा उलगडून दाखवलं ते आजीने. एका दुपारी भांडी विसळता विसळता.

"तुझं काही चुकत नाहीये. आधी लाड करील, मग तेच लाड बोलून दाखवील. काहीच चाललं नाही तर रडेल. तो रडला की तू विरघळतेस. तिथेच फसतेस."

"मनाने तसा वाईट नाहीये तो," तिने नेहमीचं वाक्य टाकलं.

"असल्या माणसाचे डबे भरण्यात आयुष्य गेलंय माझं. मला नको शिकवूस."

मागच्या खेपेला घर सोडून ती काकांकडे गेली होती. काकांनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला, त्याचे भरलेले डोळे पाहिले, आणि तासाभरात ती पुन्हा त्याच्या गाडीत. "एवढा रडतोय बिचारा," असं काका म्हणाले होते.

या खेपेला तिला स्वतःची तेवढी धास्ती नव्हती. खुलासे द्यायचे नाहीत, वाद घालायचा नाही, उत्तर आखूड ठेवायचं, हे तिने घोटून ठेवलं होतं. धास्ती होती ती आजीची. आजी विरघळली तर ही जागा गेली, चिमणीला सांभाळणारं माणूस गेलं, म्हणजे नोकरीही गेली. मग कुठे जाणार? पुन्हा तिकडेच. आणि कितीही झालं तरी कोणत्या आईला लेकराचा मोडलेला संसार बघवतो?

"रडला तर?" तिने पडदा सारखा करत विचारलं.

"रडू दे. डोळे साफ होतात."

"आणि दारातच बसून राहिला तर?"

"पायपुसणं तिथेच आहे," आजी म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

पण नंतरचे दोन टाके वाकडे पडले, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

बेल वाजली. दारात तो. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं, काखेत चिमणीपेक्षा मोठं अस्वल.

"किती वाळलीस गं! चल, गाडी खालीच उभी आहे."

"आम्ही इथेच राहणार आहोत."

"काय नाही केलं मी तुझ्यासाठी? नोकरीसुद्धा करू दिली."

"हं."

"हं काय? लोकांना काय सांगू मी?"

"ते तू ठरव."

त्याचा आवाज चढला, मग अलगद उतरला. डोळे भरून आले. "जेवण जात नाही मला. घर खायला उठतं."

ती त्या डोळ्यांकडे पाहत राहिली. आत कुठेच काही हललं नाही. तिचं तिलाच नवल वाटलं, आणि मग इतकं हलकं वाटलं, की त्याच्यासमोरच हसू फुटेल की काय अशी भीती वाटली.

"वाईट वाटतं ऐकून," ती म्हणाली. "पण मी येणार नाही."

नळ बंद करावा तसं त्याचं रडणं थांबलं. त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. चिमणीला कडेवर घेऊन आजी उभी होती. त्याची हनुवटी पुन्हा थरथरायला लागली. या वेळी आजीसाठी.

आजीने चिमणीला तिच्या हातात दिलं आणि स्वतः सावकाश दारापाशी गेली. हात वर करून तिने त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. तळहाताने त्याचा गाल पुसला.

मागे तिने चिमणीला उराशी घट्ट धरलं. झालं, तिला वाटलं. संपलं.

"आई," तो आजीचा हात घट्ट धरून म्हणाला, "ती नाही तर राहू दे. तू तरी घरी चल. तू तर मला जन्म दिलास ना?"

"दिला ना, राजा," हात सोडवून दार लोटता लोटता आजी म्हणाली, "म्हणून तर सुनेची बॅग मीच भरली."