सरदारणीचा उजवा हात

“ती दोन बोटं परत काढून टाक,” यशोदाबाई म्हणाल्या. “आजच.”

निरंजनने बसा म्हणण्यापूर्वीच त्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. चिंचवडमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर त्याची बावीस माणसांची कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवत असे. एवढ्या वयाचे कुणी तिथे आजवर तक्रार घेऊन आले नव्हते. दारात त्यांनी एवढेच सांगितले होते, “कुरुळीहून आले. वर्षालीच्या चित्राचं काम हाय.” वर्षालीची आजी असावी, असे निरंजनने मनाशी धरले आणि टेबलावरचा कागद हळूच उलटा केला. तो वर्षालीचा राजीनामा होता.

‘भट्टी’ या खेळात शस्त्रे घडवणारी एक सरदारीण होती. कंपनीतल्या चित्रकार वर्षालीने तिचे चित्र काढताना उजव्या हाताला तीनच बोटे ठेवली. खेळ बाजारात आला आणि खेळणाऱ्यांनी गहजब केला. हे चित्र माणसाने काढलेलेच नाही, संगणकाकडून काढून घेतले आहे. त्याला बोटे मोजता येत नाहीत आणि कंपनीलाही येत नाहीत, अशा अकराशे तक्रारी आल्या. आठवड्याभरात खेळाला मिळणारे पसंतीचे तारे साडेचारावरून दोनवर उतरले. निरंजनने हात दुरुस्त करायला सांगितला. “तो हात बरोबर आहे,” एवढेच वर्षाली म्हणाली आणि उठून गेली. बरोबर कसा, हे त्याने विचारले नाही. मग दुसरा चित्रकार शेखर याने ते काम पुरे केले आणि काल पाच बोटांची सरदारीण सगळ्यांच्या फोनवर पोहोचली.

“आजी, गिऱ्हाईक म्हणालं भाजी खारट आहे, तर आपण मीठ कमी करतोच ना?”

“मीठ कमी कर की. भाकरी उचलून तिथं पुरी कशाला ठेवतोस?”

“तीन दिवस मान मोडून बसवलीत राव मी ती बोटं!” पलीकडच्या टेबलावरून शेखर निरंजनला म्हणाला.

यशोदाबाई त्याच्याकडे वळल्या. “बसवायला तीन दिवस. जायला पापणी लवायचासुद्धा वेळ लागत न्हाई.”

शेखरने मान खाली घातली.

“कुणाची गेली, आजी?” निरंजनने विचारले.

“आमच्या कस्तुराची. वर्षालीच्या आईची. पत्र्याचे भाग दाबून काढायचा प्रेस असतो, त्याच्याखाली हात गेला. अकरा वर्षं झाली. तवापासनं तो हात पदराखाली. लग्नात वाढायला उभी राहत न्हाई, हळदीकुंकवाला जात न्हाई. चौकशीला साहेब आले, त्यांनाबी म्हणाली, चूक माझीच, माझंच ध्यान न्हवतं.”

निरंजनने पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली.

“मग लेकीनं हे चित्र दाखवलं. बाई हातोडा उचलती, तीन बोटांनी, आणि सगळं सैन्य तिच्यापुढं वाकतं. कस्तुरा फोन घेऊन गल्लीभर फिरली, उजव्या हातात धरून. परवा माझ्यापुढं चहाचा कप ठेवला, तोबी त्याच हातानं. काल फोन उघडला तर पाच बोटं. हात परत पदराखाली गेला.”

“मला ठाऊक नव्हतं, आजी. पण अकराशे लोक त्याला चूक म्हणतायत. त्यांचं ऐकलं नाही, तर उद्या खेळ बंद करावा लागेल.”

“हे बघ. माल आमचाबी परत येतो. माप चुकलं असलं, तर मान खाली घालून बदलून द्यावा. माप बरोबर असलं, तर त्याच गाडीतनं माघारी लावून द्यावा. आलेला प्रत्येक माल बदलत बसलं, तर कारखाना आपला राहत न्हाई. तो हात मापात हाय का न्हाई, तेवढं बोल.”

निरंजनने जुने चित्र पडद्यावर घेतले आणि मोठे केले. बोटांच्या जागी त्वचेला चुण्या होत्या. एक टाका तिरका गेलेला होता. इतक्या जवळून त्याने ते आज प्रथमच पाहिले. खरा हात पाहिल्याशिवाय असा टाका कुणी रेखाटू शकत नाही.

“मापात आहे,” तो म्हणाला. “शेखर, जुना हात परत लाव.”

“आणि तारे, भाऊ?”

“पडू देत. वर्षालीला फोन कर, म्हणावं मी चुकलो, परत ये.” मग तो यशोदाबाईंकडे वळला. “पण लोक पुन्हा तेच म्हणतील, आजी.”

“मग चित्राच्या खाली लिही, हात कसा गेला ते. मी सांगते.”

“कस्तुराबाईंचं नाव घातलेलं चालेल?”

“सकाळी विचारून आले. घाला म्हणाली.”

निरंजनने कीबोर्ड पुढे ओढला. यशोदाबाई एकेक वाक्य सावकाश सांगू लागल्या.

“लिही. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच तो खाली येतो. त्यानं दोन्ही हात बाहेर राहतात. त्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीची गाडी दारात उभी होती आणि माल निघत न्हवता. म्हणून एक बटण चिकटपट्टीनं दाबून बांधलं. एक हात मोकळा राहिला, काम दुप्पट निघालं. कस्तुरा नको म्हणत होती.”

निरंजन टाइप करायचा थांबला. “म्हणजे त्यांची चूक नव्हतीच?”

“न्हवती.”

“आणि अकरा वर्षं त्या ती स्वतःवर घेत आल्या?” त्याचा आवाज चढला. “मग बटण बांधणाऱ्याचं नावही इथे आलंच पाहिजे, आजी. ते मी गाळणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना ते?”

“त्याच्यासाठीच आले,” त्या म्हणाल्या. “लिही, बटण मी बांधलं. खाली नाव घाल. यशोदाबाई, कारखान्याची मालकीण.”