भिंतीपलीकडून

"वेल्समधल्या स्वानसीतली घरं भिंतीला भिंत लागून, शेजारणीची शिंकही ऐकू येईल," आईनं बजावलं होतं. केरिसनं ते हसण्यावारी नेलं होतं. आज बाळ झोपलं म्हणून टीव्ही बंद होता, तरी ब्रिटनच्या पक्षनेत्यांचा निवडणुकीचा वादविवाद शेजारून ऐकू येत होता आणि तिथं एकट्या राहणाऱ्या ग्वेन्डाआजींच्या तोंडाचा पट्टाही: "लबाडा, विचारलं काय, सांगतोस काय!" मग एका नेत्यानं थाप मारली, तरी आजी गप्पच. आजींना काही झालं तर नाही? केरिसनं बाळाला उचलून पलीकडचं दार बडवलं. आजींनी उघडलं. "शू! टीव्हीवर माझी नात!" प्रेक्षकांतून नात उठली: "एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस कोण करणार?" नेते चाचरले. आजी फुलल्या. "पोरीनं बोलती बंद केली! आणि तू इथं कशी?" "तुम्ही गप्प झालात..." आजी टीव्हीवर ओरडल्या: "ऐका रे, उत्तर माझ्या दारात उभंय!" तुमची शेजारीण गप्प असेल, तर जाऊन बघा.